लाल किती काळा?

जास्वंदीचा फोटो कृष्णधवल केला की पहिल्यांदा काय होतं, तर जास्वंद दिसेनाशी होते. फोन हाताशी असेल तर आत्ताच करून बघा. लालभडक फूल आणि मागे हिरवीगार पानं, रस्त्याच्या पलीकडूनही नजरेत भरणारी जोडी. फोनमधलं ‘मोनो’ दाबलं की लालाचा जो करडा होतो, जवळपास तोच हिरव्याचाही होतो, आणि फूल पानांत विरून जातं. डोळ्यांना हे दोन रंग एकमेकांपासून फार लांबचे वाटतात. पण त्यांच्यावर पडलेल्या उजेडापैकी किती आपल्याकडे परत येतो, एवढाच हिशेब मांडला तर दोघं शेजारी शेजारी बसतात. कृष्णधवल फोटो तेवढाच हिशेब मांडतो.

मी फुलांचे कृष्णधवल फोटो काढते असं कळलं की बहुतेक जण विचारतात, रंगच काढून टाकले तर फुलात उरलं काय? प्रश्न रास्त आहे. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं म्हणणं असं झालंय, की इथे रंग काढून टाकता येतच नाहीत. प्रत्येक रंगाला काळ्या-पांढऱ्याच्या जिन्यावर कुठली तरी पायरी द्यावी लागते, आणि ती कुठली हे फोटो काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं. लाल किती काळा? पिवळा किती पांढरा? रंगीत फोटोत फुलाने दिलेला रंग आपण घेतो आणि पुढे जातो. कृष्णधवलमध्ये त्या फुलाबद्दल आपलं स्वतःचं काहीतरी मत असावं लागतं. मत नसेल तर करडा लगदा हाती येतो.

फिल्मच्या दिवसांत हे मत लेन्सच्या पुढे रंगीत काच लावून मांडायचं असे. लाल काच लावली की लाल उजेड आत येतो आणि हिरवा अडतो. जास्वंद जवळजवळ पांढरी होते, पानं काळी. हिरवी काच लावली की नेमकं उलटं, पानं उजळतात आणि फूल काळोखात जातं. झाड तेच, उजेड तोच, दोन फोटोंतली फुलं मात्र एकमेकांची ओळखही सांगणार नाहीत. आता ती काच कॅमेऱ्याच्या पोटात गेली आहे. आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ठिपक्याठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्या रंगाची बारीक चाळण असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायरच्या नावावर १९७६ साली तिचं पेटंट झालं. ठिपक्यांतले अर्धे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. म्हणजे कॅमेरा आधी सगळे रंग टिपून ठेवतो आणि लालाचं काय करायचं ते घरी, कॉम्प्युटरवर पट्टी सरकवून ठरवता येतं. सोय मोठी आहे. पण मी अजूनही झाडासमोर उभी असतानाच ठरवते. घरी आल्यावर पट्टी दोन्हीकडे सारखीच सहज सरकते, आणि झाड तर डोळ्यांसमोर नसतं.

पार्ल्यात आमच्या इमारतीच्या मागे, पुनर्विकासातून कसाबसा वाचलेला मातीचा एक पट्टा आहे. तगर, जास्वंद, अनंत, आणि कुंपणाला लागून प्राजक्त. सासूबाई उजाडायच्या आत परडी घेऊन तिथे जातात. एकदा मी जास्वंदीचा मोठा प्रिंट जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला होता. फूल जवळजवळ काळं, पाकळ्यांवरच्या शिरा तेवढ्या चमकणाऱ्या, आणि मधल्या लांब दांड्यावर परागकणांचे पांढरे दाणे. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, गणपतीचं फूल हे. काळं कसं केलंस?”

आवाजात राग नव्हता, काळजी होती. संक्रांत सोडली तर सणासुदीला काळं न नेसणाऱ्या घरातला हा प्रश्न आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मी त्यांना बागेत घेऊन गेले. “आई, जास्वंदीची फुलं कुठे आहेत सांगा बरं.” झाड हाताच्या अंतरावर होतं. पानं अजून ओळखू येत होती, फिकट राखी अशी. फुलं होती तिथे नुसते काळे डाग. त्या वाकून बघायला लागल्या. “हो की गं. पहाटेसुद्धा असंच होतं. तगर लांबून दिसते, जास्वंद चाचपून काढावी लागते. मला वाटायचं, माझेच डोळे अधू झाले.”

त्यांचे डोळे उत्तम आहेत. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने अगदी हेच पाहिलं होतं, तेही फुलांवरच. भर उन्हात झगझगणारी लाल फुलं पहाटेच्या उजेडात पानांपेक्षाही काळी दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि १८२५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. आज त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. कारण असं, की आपल्या डोळ्यांत उजेड टिपणाऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या असतात. दिवसा काम करणाऱ्या शंकू पेशींना रंग कळतात आणि त्यांना सर्वांत उजळ दिसतो तो पिवळट हिरवा, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. अंधार पडायला लागला की काम दंड पेशींकडे जातं. त्यांना रंग कळत नाहीत, निळसर हिरव्या उजेडाला त्या सर्वांत जाग्या असतात, ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, आणि लालाला जवळजवळ आंधळ्या. म्हणजे रोज तिन्हीसांजेला आणि रोज पहाटे आपण सगळेच थोडा वेळ कृष्णधवल बघत असतो, आणि त्या वेळी जास्वंद काळीच असते. देवासाठी ती खुडली जाते तीसुद्धा त्याच वेळी. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण प्रिंट देवघराच्या भिंतीवर नको, असंही स्पष्ट सांगितलं. तो बाहेरच्या खोलीत लागला.

जुन्या फिल्मचे डोळे असेच संधिप्रकाशातले होते. सुरुवातीला फिल्मच्या जागी लेप दिलेली काच कॅमेऱ्यात घालत, आणि त्या काचांना फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेलला सापडलं, की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवंही दिसायला लागतं. लालाला जागी असणारी पँक्रोमॅटिक काच बाजारात यायला १९०६ साल उजाडलं, आणि त्यानंतरही कित्येक स्टुडिओंत लाल न दिसणारा जुना मालच वापरात होता. आपल्या घरच्या ट्रंकेतले पणजी-आजीचे फोटो काढून बघा. कुंकू बहुतेक काळं ठिक्कर असतं. ओठ गडद. अंबाड्यातली वेणी बघावी, पाकळ्या पांढऱ्याशुभ्र आल्या असतील तर मोगरा किंवा जुई असावी, मधल्या करड्या असतील तर कदाचित अबोली किंवा शेवंती. मला हे ताडत बसायला फार आवडतं. घरातल्या बायका एकत्र बसलेल्या असताना असा फोटो हातोहात फिरवला की कुणीतरी म्हणतंच, “नाही गं, तिला अबोली फार आवडायची, ती अबोलीच असणार.” फोटोत जे नाही ते माणसं आपल्याजवळचं देतात.

रंगांचा मारा म्हणजे काय ते बघायचं असेल तर दादरला जावं. स्टेशनच्या पश्चिमेला, उजाडायच्या आधी, फुलबाजारात. पुणे, सातारा, नाशिककडून आलेल्या गोंड्याच्या गोणी फुटलेल्या असतात, भगवा आणि पिवळा गोंडा कमरेइतका रचलेला, बाजूला शेवंती, ॲस्टर, गुलछडी, लिलीच्या कळ्यांच्या जुड्या, हमालांच्या डोक्यावरून जाणारे भारे, पायाखाली ओल्या पाकळ्यांचा चिखल. डोक्यावर पांढरे बल्ब. तिथे रंगीत फोटो कुणालाही मिळतो, तो रंगच काढून देतो. मी तिथे जाते ते दुसऱ्या गोष्टीसाठी. तिथली माणसं फुलाकडे कशी बघतात ते बघायला.

वसईकडून सोनचाफा घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. पहाटेच्या लोकलने, लगेजच्या डब्यातून येतात. त्यांना मी विचारलं होतं, कालचं फूल आजच्या फुलात मिसळलेलं कसं ओळखायचं? त्यांनी माझं बोट धरून फुलाच्या बुडाला लावलं. “इथं बघ ताई. रंगाला काय भुलायचं, पाणी मारलं की कालचंही पिवळंच दिसतं.” ताज्या फुलात पाकळ्या देठाशी घट्ट आणि गार लागतात. कालच्याला तिथे किंचित सैलपणा येतो, पाकळी धरली तर हलते. हा सैलपणा रंगीत फोटोत मला कधी दिसला नव्हता. कृष्णधवलमध्ये तो दिसतो, कारण पिवळ्याने डोळे दिपत नाहीत. पाकळी देठाला मिळते तिथे एक बारीक काळी रेघ उमटते. ताज्या फुलात ती नसते. त्याच बाजारात निळ्या, हिरव्या रंगात बुडवलेली पांढरी शेवंतीही विकायला असते. कृष्णधवल फोटोत पाकळ्यांची ठेवण तेवढी राहते आणि ती शेवंती परत शेवंती होते. याचं मला दर वेळी समाधान वाटतं.

सोनचाफ्यावर थोडं थांबायला हवं. वनस्पतिशास्त्राने त्याला आता मॅग्नोलिया वंशात घेतलंय, त्याचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. या वंशाचं घराणं फार जुनं आहे. त्याच्या पूर्वजांची फुलं मधमाश्या पृथ्वीवर यायच्या आधीची, भुंगेऱ्यांच्या भरवशावर फुललेली. सोनचाफ्याच्या लांबट पाकळ्या एकेक करून दूर केल्या की मधे एक छोटा खांब उभा दिसतो, खाली पुंकेसरांची दाटी, वर फिरत्या ओळींत बसवलेली हिरवी बीजकोशांची टोकं. पूजेला वाहताना, केसांत माळताना, पाण्याच्या बाटलीत घालून टीव्हीवर ठेवताना आपण तिथपर्यंत पोचतच नाही. रंग आणि वास हे दोघं दारातच अडवतात. कृष्णधवलमध्ये वास नाही आणि रंग नाही, त्यामुळे तो खांब फोटोतला मुख्य माणूस होतो. मी त्याच्या पाकळ्या पांढऱ्याच्या एक पायरी खाली ठेवते आणि खांब त्याहून बराच गडद, म्हणजे तो उठून येतो.

याच घराण्यातल्या एका फुलामुळे मी या वाटेला लागले. अमेरिकन फोटोग्राफर इमोजेन कनिंगहॅम यांनी १९२५च्या सुमारास काढलेला मॅग्नोलियाचा फोटो. फ्रेममध्ये फूल मावतसुद्धा नाही, पाकळ्या कडेबाहेर गेलेल्या, आणि मध्यावर तो खांब, केसर न् केसर मोजता येईल असा. कॉलेजात असताना पहिल्यांदा छापील पानावर पाहिला तेव्हा फोटोतली सफाई डोळ्यांत भरली होती. पुढे त्यांच्याविषयी वाचलं आणि फोटो अधिक जवळचा झाला. तीन मुलगे, त्यातले दोन जुळे, तिघंही लहान. कॅमेरा घेऊन दूर भटकणं शक्य नव्हतं, म्हणून घराच्या बागेत जे उगवतं त्याचे फोटो काढायचे. मुलगी लहान असताना माझीही धाव इमारतीमागच्या त्या पट्ट्यापर्यंतच होती. ती झोपली की खाली जायचं, वरून हाक आली की परत. जागा आवळली गेली की नजर खोल जाते, हे मी त्या वर्षांत अनुभवलं आहे.

त्यांच्याच काळातल्या जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्टचं नावही या विषयात नेहमी निघतं. तो बर्लिनमध्ये कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवायचा आणि लोखंडी जाळ्या, नक्षीकाम यांचे नमुने म्हणून झाडांचे कोंब, बोंडं, पानांचे गुंडाळे घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने तिसापटीपर्यंत मोठे करून टिपायचा. १९२८ साली ते फोटो पुस्तकरूपाने आले आणि साठीच्या पुढे तो प्रसिद्ध झाला. मला त्याच्या कामाचा आदर आहे, जीव मात्र जडत नाही. त्याची झाडं कुठल्याच गावची नाहीत. मागे नुसता करडा पुठ्ठा, हवा नाही, ऊन नाही. मला फुलावर मुंबई दिसायला हवी असते, निदान पावसाचा थेंब तरी.

आणि पाऊस हीच इथली खरी मोसमी मेजवानी. बाकीचे आठ महिने मुंबईचं ऊन कृष्णधवल फुलांना सोसत नाही. सकाळी नऊनंतर पांढऱ्या पाकळीवरचे सगळे बारकावे ते पुसून टाकतं, आणि दुपारी खारं वारं सुटलं की जवळून घेतलेलं फूल क्षणभरही एका जागी राहत नाही. जून लागला, आभाळ भरून आलं, की सगळं आकाश एकच मोठा मऊ दिवा होतं. सावलीला धार राहत नाही. अशा दिवशी मी साधी काळी छत्री उघडून फुलाच्या मागे आडवी धरते. मागचा पसारा काळा होतो आणि वाराही अडतो. शेजारचा वॉचमन आता आपणहून छत्री धरायला येतो आणि “जरा डावीकडे घेऊ का, मॅडम?” असं विचारतो; त्याचा हात माझ्या स्टँडपेक्षा स्थिर आहे. याच पावसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा काच खाल्ली की ती भरून येत नाही. पावसाळ्यात लेन्स कपाटात नुसती ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, त्या मधूनमधून सुकवा, आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स उजेडात काढा.

पांढरी फुलं काढायला सर्वांत अवघड. लोकांना वाटतं कृष्णधवलला पांढरं फूल म्हणजे आयतं काम. कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाला समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे, असंच गृहीत धरायला शिकवलेलं असतं. हा करडा पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारा. त्याच्यासमोर अनंताचं फूल धरलं की तो त्यालाही ओढून करडं करतो, आणि धुतलेला पांढरा सदरा मळका दिसावा तसं फूल येतं. म्हणून एक-दीड स्टॉप उजेड वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जास्त वाढवला तर पाकळी कोरी होते, मग तिच्यातून काही काढता येत नाही. या दोन्हींच्या मधे बोटभर जागा असते. अनंताच्या पाकळीवर इतक्या हलक्या सावल्या असतात, की पांढऱ्याच्या आतच चार-पाच पांढरे मोजता यावेत. त्या चार-पाच पायऱ्या मिळाल्या तर फूल मिळालं. आणि घाई करावी लागते, कारण अनंत दुसऱ्या दिवशी पिवळा पडायला लागतो.

या पांढऱ्या फुलांबद्दल मला वेगळी माया आहे. जास्वंदीचा लाल रंग मुळात आपल्यासाठी नाही, तो शिंजीरासारख्या पक्ष्यांसाठी आहे. मधमाश्यांना तर लाल दिसतही नाही. रात्री फुलणाऱ्या फुलांना गिऱ्हाईक पतंगांचं. अंधारात रंगाचा उपयोग काय? म्हणून प्राजक्त, निशिगंध, रातराणी यांनी रंगावरचा खर्च वाचवला आणि वासावर केला. पांढरेपणा ठेवला तो चांदण्यात दिसावं एवढ्यापुरता. ही फुलं कृष्णधवल जगातच उमलतात. प्राजक्ताचा तेवढा एक केशरी देठ, आणि तिथे पुन्हा माझा तोच प्रश्न येऊन उभा राहतो. लाल-केशरी पट्टी वर नेली तर देठ पाकळ्यांच्या पांढऱ्यात मिसळून जातो, खाली आणली तर प्रत्येक फुलाला एक काळा पाय फुटतो. मी तो गडद ठेवते. उलटं पडलेलं फूल त्यामुळेच प्राजक्ताचं आहे हे कळतं.

सगळ्याच फुलांना हे मानवत नाही, हेही सांगते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास विक्रोळीला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेने टॅबेबुया फुलतो, लोक गाड्या बाजूला घेऊन फोटो काढतात. तो गुलाबी बहर कृष्णधवल केला की धुरकट कापूस उरतो. तो रंगीतच काढावा, मनसोक्त. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी २०२४ मध्ये फुलली तेव्हाही मी कृष्णधवलचा विचार मनात आणला नाही. डोंगर जांभळा होणं, हीच तिची गोष्ट. आता पुढची २०३२ मध्ये.

गुलमोहराबद्दल मात्र माझा आग्रह आहे. मे महिन्यात झाडाखाली पडलेलं एक अख्खं फूल उचला. पाच पाकळ्यांपैकी चार लाल, पसरलेल्या. पाचवी उभी असते, जरा मोठी, आणि तिच्यावर पांढरे-पिवळे पट्टे, लाल शिंतोडे. झाडावर एवढा लाल पेटलेला असतो की ही पाचवी पाकळी जन्मभर मुंबईत राहिलेल्यांनीही पाहिलेली नसते. हिरव्या काचेतून, म्हणजे लाल गडद करून, फोटो घ्या. चार पाकळ्या मागे सरतात आणि ती एकटी पुढे येते. माझ्या मुलीने असा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा, “हे गुलमोहर नाहीच,” म्हणून वाद घातला आणि चपला घालून खाली जाऊन फूल घेऊन आली. घासाघिशीला जागा नव्हती, पट्टे होते.

आणि कोमेजलेली फुलं. रंगीत फोटोत सुकलेलं फूल मळकं दिसतं, तपकिरी डाग डोळ्यांना कुजकेपणाच सांगतात. कृष्णधवलमध्ये डाग ही गडद छटा होते आणि मग आकार बोलायला लागतो. जास्वंद एका दिवसाची. संध्याकाळनंतर ती मिटते आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या पीळ भरून एकमेकींभोवती घट्ट गुंडाळल्या जातात, शिरा सगळ्या बाहेरच्या अंगाला येतात. या अवस्थेतली जास्वंद मला उमललेल्या फुलाइतकीच देखणी वाटते. अनंत चतुर्दशीनंतर महापालिकेच्या निर्माल्य कलशांपाशीही मी कॅमेरा घेऊन उभी असते. दूर्वा, केवड्याची पात, गोंड्याच्या तुटलेल्या माळा, आणि त्यात गुंडाळलेल्या जास्वंदी. तिथे काम करणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, “ह्याचे कशाला काढता? देवाचं झालं ना आता.” मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं. त्यांनी हातमोजा काढला, बोटाने तो पडदा मोठा केला आणि एक माळ शोधून म्हणाल्या, “ही दोरा न वापरता ओवलीय. केळीच्या सोपटात. आमच्या गावाकडची कुणीतरी असणार.” मी त्या माळेजवळ दहा वेळा गेले असेन, पण सोपट मला त्यांनी दाखवलं. त्या प्रिंटमध्ये मी सोपटाची धार मुद्दाम उजळ ठेवली आहे.

असं करत करत माझं एकेका फुलाचं ठरत गेलं. जास्वंद पानांपेक्षा गडद, पण शिरा हरवणार नाहीत इतपतच. सासूबाईंची हरकत मनात धरून मी तिला आता ठार काळं करत नाही. भगवा गोंडा मधल्या करड्याच्या जरा वर, नाहीतर त्याच्या पाकळ्यांचे थर एकमेकांत बुडतात. पिवळी शेवंती चांगली उजळ. बहावा जवळजवळ पांढरा, मागचं निळं आकाश गडद करून, म्हणजे घोसांची लोंबती ठेवण दिसते.

अबोलीचं अजून ठरत नाहीये. फूल हातात असतं तेव्हा तो फिका केशरी कुठेही ठेवला तरी चालतो. केसांत माळली की मागे काळाभोर अंबाडा आणि खाली सावळी मान येते, आणि अबोली नेमकी मानेच्याच करड्यावर येऊन बसते. ती उजळ केली तर मोगरा वाटते, गडद केली तर केसांत जाते. येत्या श्रावणात शेजारच्या काकूंनी त्यांच्या मंगळागौरीच्या दिवशी सकाळीच बोलावलंय, खिडकीजवळ बसते म्हणाल्या. हिरवी आणि लाल, दोन्ही काचा घेऊन जाणार आहे.